तळवा कोण बघतं

आमचं गाव तसं कणकवलीकडचं, पण मी जन्मले घाटकोपरला, वेस्टला डोंगरावर, जिथे रिक्षावाला अर्ध्यातच थांबतो आणि म्हणतो मॅडम यहाँ से पैदल. आता मेट्रोतून आमची घरं रंगीत दिसतात, लोक फोटो काढतात, पण तेव्हा रंगबिंग काही नव्हतं, पत्रे होते आणि पत्र्यांवर जुने टायर ठेवलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. पाणी खाली नाक्यावर यायचं. आई पहाटे खाली जायची आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन वर यायची, पायऱ्या किती ते विचारू नका ताई, मोजायला कुणाला वेळ होता. बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते म्हणे. मग बाबा मालाडला एका बिल्डिंगवर वॉचमन लागले, तिथेच जिन्याखाली झोपायचे, रविवारी घरी यायचे, आणि मी आठवीत असताना एका रविवारी आलेच नाहीत. बिल्डिंगवाल्यांनी निरोप धाडला की छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. एवढंच. त्यापेक्षा जास्त आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

आई ईस्टला गुजराती लोकांच्या घरी चपात्या करायची. चार घरं. चार घरं म्हणजे चार वेळा दाराबाहेर चपला काढायच्या आणि थंडगार फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं. तिच्या टाचा मला लहानपणापासून पाठ आहेत, भेगा पडलेल्या, आणि भेगेभेगेत पीठ. रात्री ती गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि मी बाजूला अभ्यास करायचे. बाबा गेल्यावर आमची एक आत्या म्हणाली, आता पोरीला पण दोन घरं लाव, शाळा काय चाटायची आहे. आईने तिला चहा दिला, वाटेला लावलं. मग आमच्या चाळीच्या खाली साईबाबांचं छोटं मंदिर आहे तिथे गेली, मला हाताला धरून, आणि माझ्यासमोरच मोठ्याने म्हणाली, बाबा, माझ्या पोरीला पदवी मिळू दे, मी घाटकोपरपासून शिर्डीपर्यंत अनवाणी चालत येईन. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आईला तर पदवी म्हणजे नेमकं काय मिळतं हे पण ठाऊक नव्हतं, पण मागितली तिने.

मी बी.कॉम. झाले. फर्स्ट क्लास. हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हाला पण सांगते, लिहा. सकाळी कॉलेज, दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात, असं करून झाले. आता अंधेरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे, कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाईल, ड्रायव्हर कुठे थांबेल, हे सगळं मी बघते. निकाल लागला तेव्हा आईने चारही घरी पेढे नेले. मी म्हटलं आज तरी हॉलमध्ये सोफ्यावर बसून ये, ती म्हणाली बसले होते ना, एका घरी बसवलं त्यांनी. पण चपला बाहेरच काढल्या होत्या.

आता नवस फेडायचा तर मंडळाबरोबर जायचं. आमच्या चाळीतून दर वर्षी रामनवमीच्या आधी पालखी निघते, पायी शिर्डी. मुंबईतून अशा कितीतरी पालख्या निघतात, मुलुंडच्या, बोरिवलीच्या, त्या दिवसांत हायवेवर बघा, सगळीकडे निशाणंच निशाणं. पण आमच्या मंडळात बायका नव्हत्या. बायकांनी निघताना ओवाळायचं आणि घरी यायचं. आई दर वर्षी ओवाळायची आणि पालखी वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची. मी म्हणायचे, अगं ट्रेनने जाऊ ना, दर्शन घेऊन येऊ. ती म्हणायची, मी ट्रेनने येईन असं बोलले नव्हते.

मंडळाचे प्रमुख गुरुमामा. रिटायर्ड कंडक्टर, आमच्याच गावाकडचे, अजून मालवणीत बोलतात आणि अजून सगळ्यांना तिकीट विचारल्यासारखे बघतात. मी मीटिंगला गेले. मुलगी मीटिंगला आली म्हणून पोरं जरा सरकून बसली. मी म्हटलं मामा, ह्या वर्षी बायकांना घ्या. मामा म्हणाले, घेऊक काय हरकत नाय गो, पण आंघोळीची सोय खंय? बाकीची खंय? पुरुष रस्त्याकडेक उभो रवता, बायकांका काय सांगू? मी म्हटलं सोय मी करते. पक्या म्हणून आमचा टेम्पोवाला आहे, मंडळाचं सगळं सामान त्याच्या टेम्पोत असतं, तो म्हणाला, मॅडम हे ऑफिस नाही, इथे एसी नाय. मी म्हटलं पक्या, तू रविवारी गाडी काढ, मी डिझेल भरते, मग बोलू.

आणि काढली गाडी. मी आणि पक्या सगळा रस्ता आधी फिरून आलो, ठाणे, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि तिथून आत सिन्नरचा रस्ता. कुठल्या पेट्रोल पंपावर बायकांचं टॉयलेट उघडं असतं आणि कुठे त्याला कुलूप लावून चावी मॅनेजर खिशात ठेवतो, ते मी लिहून आणलं. शाळांच्या हेडमास्तरांना भेटले, वर्ग उघडून द्या म्हटलं, नळ कुठे, सावली कुठे, दुपारचा टप्पा कुठे थांबवायचा, सगळं. कंपनीत ट्रकसाठी करते तेच माणसांसाठी केलं. पुढच्या मीटिंगला मी एक-एक मुक्काम वाचून दाखवला आणि मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, असांदे, म्हणजे असू दे, चालेल. चाळीतल्या सात-आठ बायका तयार झाल्या. आईला मी घरी येऊन सांगितलं, ती भाकरी थापत होती, थापतच राहिली, भाकरी एवढी मोठी झाली की तव्यावर मावेना.

मला ठाऊक होतं आईला शुगर आहे. पण ताई, आमच्या चाळीत कुणाला नाही? गोळी घेते, भात कमी खाते, झालं. मी डबाभर गोळ्या भरून घेतल्या, बिस्किटं, ग्लुकोज, सगळं. म्हणजे मी रस्त्याचा विचार केला, पाण्याचा केला, उन्हाचा केला.

निघालो. आमच्या मंडळात पद्धत अशी की ज्यांचा अनवाणी नवस असतो ते पालखीच्या लगेच मागे चालतात, आणि बूटवाले त्यांच्या मागे. अनवाणीवाल्यांचा मान असतो. मुक्कामाला पोचलं की बाकीचे त्यांच्या पाया पडतात. मी बूटवाली. नवीन घेतलेले स्पोर्ट्स शूज, आणि नवीन घेतले हीच चूक, भिवंडीपर्यंत दोन्ही टाचांना ह्या एवढाल्या फोडी. शहापूरच्या मुक्कामाला एकाने सुई-दोरा ओवून फोडीतून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून, मी ओरडले तर पक्या चहाचा ग्लास घेऊन समोर उभा. काय मॅडम, बी.कॉम.ला पण फोड येतात काय. मी म्हटलं पक्या, तू टेम्पोत बसून येतोस, तुला बसून बसून दुसरीकडे येतील. सगळे हसले. आई सगळ्यांत जास्त हसली.

आणि आई, काय सांगू तुम्हाला, आई चालत होती. म्हणजे माझी आई, जी संध्याकाळी घरी आल्यावर भिंतीला धरून बसायची, ती त्या उन्हात, त्या डांबरावरून, कंटेनर बाजूने जातायत, गरम हवा तोंडावर येतेय, आणि ती आपली पदर डोक्यावर घेऊन पालखीच्या मागे, टाळी वाजवत. कसारा घाट चढताना तरणी पोरं बसत होती, डांबर असं तापलेलं की अनवाणीवाले पांढऱ्या पट्टीवरून उड्या मारत चालत होते, पांढरा रंग कमी तापतो म्हणून, आणि आई सरळ मधून. मी मागून ओरडले आई पट्टीवर चाल. ती म्हणाली, मला नाही गं भाजत.

गुरुमामांनी ते ऐकलं. घाटाच्या वर गेल्यावर पालखी थांबली तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं, बघा रे, सुमनताईंका बघा, ह्येका म्हणतत श्रद्धा, एक फोड नाय पायाक. आई म्हणाली, सगळं साईबाबांचं. आणि मग सुरूच झालं ते. इगतपुरीला, घोटीला, प्रत्येक मुक्कामाला लोक तिच्या पाया पडायला यायचे. दुसऱ्या पालखीतले पण यायचे, बोरिवलीच्या मंडळातली एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली, म्हणे ह्या मावशींच्या पाया पड, डांबर भाजत नाही त्यांना. आई संकोचून पाय साडीखाली घ्यायची, लोक साडीवरूनच डोकं टेकायचे. माझी पण छाती भरून यायची, का नाही येणार, जिला आख्खा जन्म कुणी बस म्हणालं नाही तिच्या पाया पडतायत लोक. पण ताई, नमस्कार माणसं पायाच्या वरून करतात. तळवा कोण बघतं?

सिन्नरच्या अलीकडे एका शाळेत दुपारचा थांबा होता. मीच ठरवलेला, मोठा व्हरांडा, शहाबादी फरशी, शिपायाने आम्ही यायच्या आधी पाणी मारून स्वच्छ धुतलेला. मी टेम्पोतून पत्रावळी उतरवून घेऊन आले आणि बघते तर फरशीवर डाग. ओले. पहिल्यांदा वाटलं कुणी कोकम सांडलंय. मग बघितलं तर डागात अंतर होतं, पावलाएवढं. एक डाग, मग रिकामं, मग एक डाग. एकाच पायाचे. नळापासून वर्गापर्यंत, वर्गापासून पंगतीपर्यंत, पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. मी त्या डागांमागे चालत गेले आणि पंगतीच्या शेवटी आई होती. हातात ताकाची बादली, ओगराळ्याने ताक वाढतेय, आणि कुणाशी तरी हसून बोलतेय, अहो घ्या हो, अजून घ्या, पोट थंड राहतं.

मी म्हटलं आई खाली बस. ती म्हणाली थांब गं पंगत होऊ दे. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि तिला खांद्याला धरून तिथेच खाली बसवलं आणि उजवा पाय उचलून मांडीवर घेतला.

मी तुम्हाला कसं सांगू. तळवा तळव्यासारखा नव्हताच. चवड्याची कातडी भाजून पांढरी सुटली होती, लोंबत होती, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली एक तार आत गेलेली. ट्रकचा टायर फुटतो ना हायवेवर, त्याच्या आत बारीक तारा असतात, रस्त्यावर पडलेल्या असतात सगळीकडे, तसली. बोटभर आत गेलेली, आणि बाहेरचं टोक चालून चालून वाकून सपाट झालेलं. बाजूचं मांस काळं. वास येत होता. आणि माझी आई माझ्या तोंडाकडे बघत होती, पायाकडे नाही. म्हणाली, काय झालं गं, अशी काय पांढरी पडलीस, उन्हाने झालं काय तुला?

मी म्हटलं आई, तुझा पाय. तिने वाकून बघितलं. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघतो ना आपण, तसं बघितलं. अगंबाई, म्हणाली, हे कुठे लागलं. आणि तिने स्वतःच ती तार चिमटीत धरली आणि हलवून बघितली. चेहऱ्यावर काही नाही. 

पंगत उठली. सगळे गोळा झाले. ज्या लोकांनी सकाळी तिच्या पायावर डोकं ठेवलं होतं तेच आता एकेक पाऊल मागे सरकत होते. मी म्हटलं पक्या टेम्पो काढ. तेव्हा आई सावरून बसली आणि म्हणाली, कशाला? तार काढ, हळद लाव, फडकं बांध. दोन मुक्काम राहिलेत. मी म्हटलं आई वेडी आहेस का. ती म्हणाली, मी बोललेय त्यांना. अनवाणी येईन म्हणून बोललेय. एवढी वर्षं थांबले, आता दारात येऊन परत फिरू? आणि दुखत नाहीये मला, दुखत असतं तर थांबले असते, बाबांनी दुखू दिलं नाही म्हणजे काय, त्यांना मी यायला हवीय. मी मामांकडे बघितलं, म्हटलं हे बोलतील आता काहीतरी. मामा खाली फरशीवरच्या डागांकडे बघत होते.

मग मीच बोलले, आणि चांगलं बोलले नाही, सगळ्यांसमोर बोलले. मी म्हटलं, तू नवस कशासाठी बोललीस? मी शिकावं म्हणून ना? मग मी शिकलेय, आता शिकलेल्या मुलीचं ऐक, नाहीतर ती पदवी घरी जाऊन चुलीत घाल. तिला मी असं कधी बोलले नव्हते. पक्याने आणि दोन पोरांनी तिला शाळेतल्या एका खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट उचलून टेम्पोत ठेवलं, ती मागच्या फळीवरून पालखीकडे बघत राहिली, हात जोडून, टेम्पो वळला तरी.

सिन्नरला एका डॉक्टरने बघितलं आणि थेट नाशिकला पाठवलं. नाशिकच्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीण होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आईला आडवं केलं, म्हणाली, काकू, डोळे मिटा, मी पायाला ह्या दोऱ्याने टोचणार, टोचलं की हो म्हणा. नायलॉनचा जाडसर दोरा होता, एका काडीला लावलेला. आईने डोळे मिटले. डॉक्टरीण टोचत गेली. डाव्या पायाला, म्हणजे चांगल्या पायाला. टाचेला, मध्ये, चवड्याला, एकेका बोटाला. दोरा वाकत होता इतकं टोचत होती. आई गप्प. सगळं झालं, डॉक्टरणीने दोरा खाली ठेवला, आणि आई डोळे मिटूनच म्हणाली, मॅडम, करा ना सुरू.

मी बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. मग तोंड धुऊन परत आत आले.

डॉक्टरणीने विचारलं पायाची आग व्हायची का आधी. आई म्हणाली व्हायची ना, रात्र रात्र झोप नाही, मग मी उदी लावली बाबांची, हळूहळू कमी झाली, तीनेक वर्षं झाली, आता काही म्हणजे काही होत नाही, नवस फेडताना त्याचे पण आभार मानायचे होते. डॉक्टरीण हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, बरं नव्हतं झालं ते. शुगरने नसा मेल्या. दुखणं गेलं म्हणजे राखणदार गेला, पायाला काय होतंय ते सांगायला आत कुणी उरलं नाही. आणि मग म्हणाली, विष किती वर चढलंय ते बघायचं आहे, आज बोट काढते, पाय वाचेल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. एवढं सरळ सांगितलं. मला सरळच आवडतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले विचारू नका. रोज सकाळी पट्टी सोडायचे आणि मी डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघायचे, काळं पुढे सरकलं का मागे. आई पायाचं विचारायचीच नाही. ती विचारायची, पालखी कुठे पोचली असेल? वावीला असेल ना? मग एके दिवशी म्हणाली, पोचली असेल. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

पाय वाचला. बोट गेलं, पाय वाचला. ज्या सकाळी डॉक्टरणीने सांगितलं, त्याच दिवशी गुरुमामा आले शिर्डीहून, प्रसाद घेऊन. मला वाटलं आईला दोन शब्द बोलतील आणि जातील. ते आले, आईच्या हातावर प्रसाद ठेवला. स्टुलावर बसले. मग खाली वाकून बूट काढला, मोजा काढला. म्हणाले, स्वप्ना, त्या डॉक्टरणीक बोलव गो. मी म्हटलं काय झालं मामा? ते म्हणाले, माका पण खाली काय लागना नाय. दोन वर्सां झाली. मिया म्हटलंय, चालून चालून पाय घट झाले. आणि आईकडे बघून म्हणाले, मीच सांगितलंय सगळ्यांका, हिच्या पाया पडा म्हणून. आई म्हणाली, अहो भाऊ, तुम्हाला काय ठाऊक, मला तरी कुठे ठाऊक होतं, माझाच पाय तो.

घरी आल्यावर मी मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरणीने मला तो दोरा दिला होता, कसा टोचायचा ते शिकवलं होतं. मी एकेकाला खुर्चीवर बसवलं, डोळे मीट, लागलं की हो म्हण. पहिले दोघं-तिघं गुदगुल्या होतात म्हणून हसले, पक्या तर किंचाळला, सगळे त्याच्यावर हसले, मॅडम लग्न झालेल्या माणसाच्या पायाला हात लावता काय म्हणाला. मग एक जण बसले, पालखीला पुढचा खांदा देणारे, दर वर्षी अनवाणी, कुणाचं नाव नको. डोळे मिटले. मी टोचत गेले, टाच, मधला भाग, चवडा, बोटं. सगळे बघत होते. आणि ते म्हणाले, अगं सुरू कर ना, किती वेळ?

आणि ते एकटे नव्हते. एकामागून एक निघत गेले, चांगली चालती-बोलती माणसं, ज्यांना आम्ही पायाचे पक्के समजत होतो. मी शिकलेली बाई, पण मला त्या दिवशी कळलं की आम्ही वर्षानुवर्षं ज्याला कृपा म्हणून हात जोडत होतो ते काय होतं.

आता आमच्या मंडळाचा नियम आहे. ज्याच्या तळव्याला लागत नाही त्याने अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. आणि प्रत्येक मुक्कामाला पंगतीच्या आधी तळवे दाखवायचे, त्याशिवाय ताट नाही. काही जण चिडले, देवाच्या कामात डॉक्टरकी घुसवली म्हणाले, दोघं मंडळ सोडून पण गेले. गुरुमामांनी त्यांना अडवलं नाही, ते स्वतः आता जाड तळाच्या मऊ चपला घालून चालतात, आत मोजे. आणि तळवे बघायचं काम आईकडे आहे. ती ह्या वर्षी टेम्पोत पक्याच्या बाजूला बसून आली, मुक्कामाला उतरायची, स्टुलावर बसायची, हातात टॉर्च. लोक सवयीने तिच्या पाया पडायला वाकले की ती म्हणायची, वाकू नको रे, वरचा नमस्कार नको, तळवा दाखव. मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर पाय वर करून बसतात. पक्या म्हणतो, मावशी, आयुष्यभर लोकांच्या चपात्या उलटून बघितल्या, आता पाय उलटून बघता. आई म्हणते, चपातीला निदान भाजलेलं कळतं रे.

नवसाचं राहिलंच. डॉक्टरीण म्हणाली होती, चालायचंच असेल तर अगदी शेवटचं थोडंसं, शिर्डीच्या वेशीपासून, आणि मी सांगेन त्या चपला घालून. वेशीशी टेम्पो थांबला, आई उतरली. एक म्हातारबाबा मंडळातले, जुने, ते हळूच म्हणाले, सुमनताई, इथून तरी काढा चपला, अनवाणी बोलला होतात. मी बोलणार होते, पण आईनेच सांगितलं. म्हणाली, मी पोरीसाठी बोलले होते आणि पोरगीच म्हणाली घाल. बाबांना काय सांगायचं ते मी आत जाऊन सांगते, तुम्ही चला.

मी तिच्या बाजूने चालत होते, फोडी नव्हत्या ह्या वेळी, जुने शूज घातले होते. तिने माझा हात धरला नाही. मंदिराच्या बाहेर चपला काढायच्या जागी ती थांबली, चपला काढल्या, पिशवीतून जाड मोजे काढून घातले, आधी मोज्यात हात घालून आत काही टोचत नाही ना बघितलं, मग दोन्ही तळवे वर करून बघितले, आणि आत गेली. आत ती काय बोलली ते मला सांगत नाही. मी विचारत पण नाही.

आई आता घाटकोपरलाच आहे, चपात्यांची कामं सोडलीत, खुर्चीवर बसून राहत नाही ती गोष्ट वेगळी. नवस फिटला. तिचे दोन्ही पाय शाबूत आहेत. आणि ह्या वर्षी आमच्या पालखीतून जेवढे पाय घाटकोपरहून निघाले, तेवढे सगळे शिर्डीला पोचले आणि परत घरी आले.